दीड वीत लोकर

डिम्फना गेली ती बुधवारी संध्याकाळी, कोंबड्या कोंडून आल्यावर. खुराड्याची कडी लावून ती आत आली, रबरी बूट दाराशी काढले, खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "मॅलकी, आज काही पायांत जीव नाही रे." मॅलकीने चहा ओतला, दूध घातलं, कप घेऊन वळला, तोवर ती देवाघरी पोचलीही होती. एवढासा प्रवास. ना सामान, ना तिकीट, ना कुणी पोचवायला.

तिघा भावंडांत ती थोरली, मॅलकी मधला आणि फिंटन धाकटा. थोरली आणि मधला दोघंही बिनलग्नाची. आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरच्या ज्या घरात जन्मली त्याच घरात म्हातारी झाली. धाकटा तीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला, पर्थला, खाणीवर. दोन वर्षांत येतो म्हणाला होता.

रोज संध्याकाळी दोघं भावंडं स्वयंपाकघरात गुडघे टेकून, खुर्चीच्या बैठकीवर कोपरं ठेवून जपमाळ करत. मॅलकीने "नमो मरिये" म्हणून अर्धं म्हणायचं, डिम्फनाने "पवित्र मरिये" म्हणून उरलेलं अर्धं पुरं करायचं. अर्ध्या-अर्ध्याने दोघांचं मिळून एक नाम. माळ संपली की तिची झालर सुरू. झालर म्हणजे वरच्या प्रार्थना: आईबापांसाठी एक, कापून पडलेल्या गवतावर पाऊस येऊ नये म्हणून एक, शेजारच्या कन्सेप्टाच्या गुडघ्यासाठी एक. त्या भागात अशीही घरं होती की झालर मूळ कापडापेक्षा लांब. आणि सगळ्यात शेवटी मॅलकी म्हणायचा, "लांब असलेल्या आमच्या फिंटनला घराची वाट सापडो." त्यावर डिम्फनाचं आमेन. ते आमेन ती जरा मोठ्याने म्हणायची, जणू ते पर्थपर्यंत ऐकू जायला हवं.

मॅलकीने भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. खिडकी उघडली. आरशावर चादर टाकली. आई गेली तेव्हा हे सगळं डिम्फनाने केलं होतं आणि तो नुसता दाराशी उभा राहिला होता. आज दाराशी उभं राहायला कुणी नव्हतं.

कन्सेप्टाला हाक मारली तशी ती गुडघा धरत धरत आली. डिम्फनाच्या कपाळावर तिने क्रूसाची खूण केली, डोळे पुसले आणि आपला फोन मॅलकीच्या हातात दिला. "आधी त्याला सांग. तिकडे पहाट झाली असेल."

फोन नाताळला व्हायचा, वर्षातून एकदा. त्यामुळे जूनमध्ये मॅलकीचा आवाज कानावर पडताच फिंटनला काही सांगावं लागलं नाही.

"डिम्फना?" त्याने विचारलं.

"हो."

"कधी?"

"आत्ताच. मी चहा ओतत होतो."

मग फिंटन म्हणाला, "येतो मी. मॅलकी, मी येईपर्यंत पेटी बंद करू नका. मला तिचं तोंड बघायचंय. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"शब्द दे."

"दिला," मॅलकी म्हणाला.

शब्द तर दिला. पण त्या गावात माणूस गेलं की तिसऱ्या दिवसाच्या आत मातीत जातं. दोन दिवस घरी ठेवायचं, सगळ्या गावाने येऊन भेटायचं, मग पेटीचं झाकण लावायचं आणि चर्च. शुक्रवार ठरल्यासारखाच होता. फिंटनला तिकीट मिळालं ते शुक्रवारचं. मॅलकी टोपी हातात धरून फादर लॉर्कनकडे गेला.

"शनिवारी करू," फादर म्हणाले. "अकराला चर्चमध्ये मिस्सा. पण त्यापुढे नाही रे बाबा. एक वाजता मला पलीकडच्या चर्चमध्ये लग्न लावायचंय. आणि रविवारी आपण कुणाला पुरत नाही, हे तुला मी सांगायला नको."

"खड्डाही रविवारभर उघडा ठेवत नाहीत," मॅलकी म्हणाला.

"तेच ते. किती वाजता पोचतोय?"

"पहाटे लंडन. तिथून दुसरं विमान आपल्या डोंगरावरच्या विमानतळावर उतरतं, नऊच्या सुमाराला. तिथून गाडीने तास."

"मग झालं की. झाकण दहाऐवजी साडेदहाला लावू."

शुक्रवारी घरात मुंगीला वाट नव्हती. डिम्फना समोरच्या खोलीत पेटीत निजली होती, निळा पोशाख, बोटांत माळ. माणसं रांगेने येत, तिच्या हाताला हात लावत, मग मॅलकीचा हात हातात घेऊन म्हणत, "वाईट झालं रे मॅलकी." मॅलकी प्रत्येकाला म्हणत होता, "आलात, बरं केलंत." एरवी ही रांग घरच्या माणसांच्या ओळीपुढून जाते: भाऊ, बहिणी, भाचे, सुना. इथे ओळ एकट्याची होती. लोक त्याच्यापाशी थांबत आणि सवयीने पुढच्यासाठी हात काढत, तर पुढे भिंत.

स्वयंपाकघरात चहाची किटली चुलीवरून उतरत नव्हती. हॅमची सँडविचं, सुक्या मेव्याचा केक. संध्याकाळी पॅकी मातीने भरलेले हात घेऊन आला. कबर खणणं शेजाऱ्यांचं काम, आणि या गल्लीतल्या लोकांच्या सगळ्या कबरी पॅकीनेच खणलेल्या.

"झाली," तो म्हणाला. "फावडं आणि कुदळ वर क्रूसासारखी आडवी-उभी ठेवून आलोय. आईच्या शेजारीच आहे, जमीन मऊ लागली. डिम्फनाबाईने आयुष्यात कुणाला त्रास दिला नाही, आताही नाही दिला."

कन्सेप्टा टेबलाशी फोन घेऊन बसली होती. तिच्या सुनेने तिला विमानं बघायला शिकवलं होतं. "हे बघ. हे पिवळं. हा आपला फिंटन. निघालाय."

सगळे तिच्या खांद्यावरून वाकले. निळ्या समुद्रावर माशीएवढं विमान.

"हलत नाहीये," पॅकी म्हणाला.

"हलतंय. तुझ्यासारखं हलतंय, दिसत नाही इतकंच. पर्थ ते लंडन, साडेचौदा हजार किलोमीटर. मध्ये कुठे थांबत नाही. सतरा तास."

"सतराच?" पॅकी सरळ उभा राहिला. "माझी तांबडी गेल्या खेपेला व्यायली, तिला याहून जास्त लागले."

सगळे हसले. मृताच्या घरी हसतात, त्यात वावगं काही नाही. मॅलकीही हसला, आणि हसता हसता त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली लाल दिवा होता, दिव्याखाली खिळा, आणि खिळ्याला पिवळ्या लोकरीचा एक धागा लोंबत होता.

तो डिम्फनाचा. काही वर्षांपूर्वी रेडिओवर सांगितलं होतं की आता पर्थहून लंडनला विमान सरळ येतं, मध्ये कुठे उतरावं लागत नाही. हातातलं विणकाम तसंच टाकून ती उठली, कोट चढवला, शाळेत गेली. मास्तरीणबाईंच्या टेबलावर पृथ्वीचा गोळा होता. तिने लोकरीचं एक टोक मेयोवर ठेवलं, दुसरं पर्थवर, ताणून धरलं आणि दातांनी तोडलं. घरी येऊन मॅलकीपुढे धरलं. "बघ. दीड वीत."

"ते गोळ्यावर गं," मॅलकी म्हणाला होता.

"गोळ्यावरच राहतो की आपण."

"मग कळव त्याला. म्हणावं, आता सोपं झालंय."

"मी नाही. बोलावलं की येतो तो पाहुणा. घरचा माणूस आपला आपण येतो." आणि तिने तो धागा खिळ्याला अडकवला.

शनिवारी सकाळी मॅलकीने दार उघडलं तर अंगण नाहीसं झालेलं. समुद्र नाही, रस्ता नाही, खुराडं नाही. धुकं असं की पायरीवर ठेवलेली बादली पायाला लागल्यावर कळावी.

"किनाऱ्याला आहे इतकंच," कन्सेप्टा म्हणाली. "वर डोंगरावर मोकळं असेल."

पण तिच्या आवाजात जीव नव्हता. तो विमानतळ डोंगराच्या माथ्यावर, आणि गावात धुकं असेल तर तिथे दुप्पट, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

दहाला फादर आले. लंडनहून उशिरा निघालेलं विमान अजून उतरलं नव्हतं. झाकण लावायला ओनी आला, काळा कोट, काळे हातमोजे. पेट्यांचं काम तो बापापासून करत आलेला. पावलांचा आवाज न करता चालायची सवय हाडात मुरलेली. फादरांनी शेवटची जपमाळ सुरू केली. खोलीत, ओसरीत, स्वयंपाकघरात, बाहेर धुक्यात, सगळी माणसं गुडघ्यांवर. फादरांचं अर्धं आतून निघे आणि उरलेलं अर्धं घराच्या पोटातून लाटेसारखं परत येई. मॅलकीला वाटलं, हे ऐकायला डिम्फना हवी होती; मग लक्षात आलं, ती इथेच आहे.

माळ संपत आली आणि डोक्यावर घरघर ऐकू आली.

कुणी मान वर केली नाही, पण साऱ्या घराने ऐकलं. विमान धुक्याच्या वर होतं. आवाज समुद्राकडे गेला, वळला, परत डोक्यावर आला. सतरा तासांचं सगळं अंतर कापून झालं होतं आणि आता भाऊ छपराच्या वर कुठेतरी गोल गोल फिरत होता.

माळ संपली. फादरांनी क्रूसाची खूण केली. ओनी भिंतीला टेकवलेल्या झाकणाकडे एक पाऊल सरकला.

"आणि आता," स्वयंपाकघरातून कन्सेप्टाचा आवाज आला, "प्रवासात असलेल्या सगळ्यांसाठी एक."

प्रार्थना करणाऱ्या माणसाला कोण थांबवणार? ओनी होता तिथे थांबला. प्रवाशांसाठी झालं. लगेच ओसरीतून पॅकी, "माझ्या बॉस्टनच्या मेव्हण्यासाठी. त्याच्या हृदयाचं आहे." मेव्हण्याचं झालं. मग कुणीतरी बिशपच्या कमरेसाठी. कुणी परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी. कुणी समुद्रात बुडालेल्यांसाठी, आणि बुडालेल्यांची नावं एकेक करून, सावकाश. साऱ्या घराला कळलं होतं काय चाललंय. झालर वाढत होती. झालर चालू आहे तोवर झाकणाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"मेयोच्या फुटबॉल संघासाठी," पॅकी पुन्हा म्हणाला.

"पॅकी," फादर हळूच म्हणाले, "त्यांच्या हरण्यापुढे देवाचाही इलाज चालत नाही." पण प्रार्थना त्यांनी सुरू केली.

घरघर एकदा जवळ आली, इतकी की कपाटातल्या बश्या किणकिणल्या. माणसांचे आवाज चढले. मग घरघर लांब गेली, आणखी लांब, आणि परत आली नाही.

कन्सेप्टाने मांडीवर पालथा ठेवलेला फोन उचलून बघितला. दोन माणसांवरून वाकून ती मॅलकीच्या कानाशी आली. "दक्षिणेला वळलं रे. शॅननच्या विमानतळावर नेतायत."

शॅननहून गाडीने यायचं तर दुपार. मॅलकी उठला. फादरही उठले आणि त्याचा दंड धरला. "मॅलकी, तू म्हणशील तसं. लग्नवाल्यांना मी देईन तोंड. सोमवारी करू म्हणालास तर सोमवारी."

"खड्डा उघडाय, फादर."

"पॅकी बुजवेल, परत खणेल."

पॅकीने मान हलवली, की हो, खणेन.

"मला आत जाऊ दे जरा," मॅलकी म्हणाला.

झाकणाआधी घरच्या माणसांना मृताजवळ एकटं सोडतात. सगळे बाहेर गेले. दार ओढून घेतलं गेलं. घरची माणसं म्हणजे मॅलकी.

तो डिम्फनाकडे बघत राहिला. मेणबत्तीच्या उजेडात तिचं नाक आईसारखं दिसत होतं. बुधवारी ती झोपल्यासारखी दिसली होती. आज तशी दिसत नव्हती. चेहरा खोल गेला होता. फिंटनला बघायचा होता तो चेहरा हा नव्हता. तो कुठल्याच विमानाने गाठता आला नसता. आणि तीस वर्षं जिने दर संध्याकाळी त्याच्यासाठी आमेन म्हटलं, तिला आणखी दोन दिवस थांबवून ठेवायचं ते कुणासाठी? तिचं थांबणं बुधवारीच सरलं होतं. आता थांबला होता तो मॅलकी. चर्चमध्ये पहिल्या बाकावर एकट्याने बसायचं नव्हतं, पेटीच्या पुढच्या दांडीला रक्ताचा दुसरा खांदा हवा होता. ते सगळं त्याचं होतं. डिम्फनाचं त्यात काही नव्हतं.

तो स्वयंपाकघरात गेला. माणसांनी वाट दिली. खिळ्यावरचा लोकरीचा धागा काढून तो परत आला, तिच्या बोटांत माळेशेजारी ठेवायला वाकला, आणि थांबला. तिला आता अंतर मोजायचं नव्हतं. धागा त्याने कोटाच्या खिशात टाकला, तिच्या कपाळाला ओठ लावले आणि दार उघडलं.

"एक राहिलीय," तो सगळ्यांना म्हणाला. "लांब असलेल्या आमच्या फिंटनला घराची वाट सापडो."

"आमेन," अवघं घर म्हणालं.

आणि त्याने क्रूसाची खूण केली. झालर संपली. ओनीने झाकण उचललं.

मिस्सा झाली. पेटीचा पुढचा खांदा पॅकीने दिला, न विचारता. माती ओढली गेली, फादर लग्नाला गेले, आणि माणसं सूप आणि सँडविचसाठी गावातल्या हॉटेलात गेली. "येतो मागून," मॅलकी म्हणाला आणि दफनभूमीच्या भिंतीवर बसून राहिला. धुकं आता, जणू काही घडलंच नाही असं, उठून गेलं होतं. समुद्र लखलखत होता.

दुपार कलल्यावर टॅक्सी आली. तिच्यातून एक जाडा, उन्हाने रापलेला, टक्कल पडलेला माणूस उतरला. चाल बापाची होती, म्हणून ओळख पटली. अंगात सुटीत घालतात तसला पातळ सदरा. तो फाटकातून आत आला आणि ताज्या मातीपाशी थांबला.

"बंद केलीस," फिंटन म्हणाला.

"हो."

"शब्द दिला होतास मला."

"दिला होता."

फिंटनने हातातली पिशवी खाली ठेवली. मग तो म्हणाला, "वर असताना एकदा धुक्याला भोक पडलं होतं. चर्च दिसलं. आपल्या घराबाहेरच्या गाड्या दिसल्या. मी शेजारच्या बाईला सांगितलं, ते आमचं चर्च. ती म्हणाली, छान आहे."

मॅलकीने त्याची पिशवी उचलून भिंतीवर ठेवली.

"सतराच तास होते रे, मॅलकी. जेवलो, दोन सिनेमे बघितले, झोपलो. जागा झालो तर लंडन. एवढंच होतं." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "मला वाटायचं, फार लांब आहे."

मॅलकीने खिशातून धागा काढला आणि त्याच्या रुंद तळहातावर ठेवला. "तिचा. शाळेतल्या गोळ्यावर मोजलं होतं. एक टोक आपल्याकडे, एक तुझ्याकडे."

फिंटनने तो सरळ केला. हातापलीकडे थोडा लोंबला, तेवढाच. "हे?"

"दीड वीत."

"मग मला बोलली का नाही कधी?"

मॅलकीला उत्तर ठाऊक होतं. त्याने ते दिलं नाही. "चल," तो म्हणाला, "तुला थंडी वाजतेय. माझा कोट घे."

घरी आल्यावर त्याने आरशावरची चादर काढली, घड्याळाचा लंबक हलवला. कन्सेप्टाने झाकून ठेवलेलं जेवण गरम केलं. फिंटनने घर पाहिलं, चूल बदलली म्हणाला, कोंबड्या किती आहेत विचारलं. मॅलकीने सांगितलं. परतीचं विमान बुधवारचं होतं. फिंटनने ते सांगितलं आणि मॅलकीने मान हलवली. बटाटे अर्धे खाऊन फिंटन चुलीजवळच्या खुर्चीत गेला. ती डिम्फनाची खुर्ची. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. पाच मिनिटांत त्याचा डोळा लागला, हनुवटी छातीवर, तर्जनीला पिवळी लोकर गुंडाळलेली.

बाहेर जूनचा लांबट उजेड अजून रेंगाळत होता. मॅलकी कोंबड्या कोंडून आला, कडी दोनदा तपासली, बूट दाराशी काढले. खिशातली माळ घेऊन आपल्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. फिंटन जागा होऊ नये म्हणून हळू आवाजात सुरुवात केली. आपलं अर्धं म्हणून झालं की तो थांबे, तिच्या अर्ध्याइतका वेळ. त्या वेळात घड्याळाची टिकटिक ऐकू येई आणि धाकट्या भावाचा जड श्वास. मग पुढचा मणी.

झालर आली. आईबापांसाठी. कापलेल्या गवतासाठी. कन्सेप्टाच्या गुडघ्यासाठी. डिम्फनासाठी आज नवी. आणि मग जीभ आपल्या वाटेने गेली, तीस वर्षं जात होती तशी.

"लांब असलेल्या आमच्या फिंटनला घराची वाट सापडो."

म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने मान वळवून खुर्चीकडे बघितलं. फिंटन झोपेत होता, तोंड किंचित उघडं, धागा बोटावरून सुटून गुडघ्यावर आलेला. मॅलकीने ते शब्द मागे घेतले नाहीत. त्या जागी नेहमी थांबायचा तेवढा वेळ तो थांबला, मग थोडा जास्त थांबला, आणि आमेन स्वतःच म्हणाला, जरा मोठ्याने.